माथेरानची खतावणी

बी. कॉम. झालेल्या माणसाला सहलीला नेऊ नये, असे आमच्या हिचे ठाम मत आहे. लोक डोंगरावर निसर्ग पाहतात, मी दरपत्रक पाहतो. सूर्यास्ताच्या वेळी सगळे जण "अहाहा!" म्हणत असताना मी घोड्याचे भाडे भागिले माणशी किती, हे मनात मांडत असतो. सूर्याचा काय भरवसा? तो उद्या पुन्हा बुडेल. पैसे एकदाच बुडतात.

तरीही २०१९ च्या मे महिन्यात आम्ही माथेरानला गेलो. मी, ही, चिरंजीव आणि गुडघे धरून बसलेली आई. जाण्याआधी मी गावाचा इतिहास वाचून काढला. तो फुकट असतो.

तर इतिहास असा, की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. आता शोध लागायला वस्तू आधी हरवावी लागते. माथेरान कुठे हरवले होते? धनगर, ठाकर, कातकरी त्या रानात वावरत होतेच. पिसरनाथ महादेव आपल्या जागी बसलेला होता. पण यांपैकी कोणालाच आपण सापडलो नसल्याची कल्पना नव्हती! आमच्या शाखेतही नवा मॅनेजर आला, की आठवड्याभरात वीस वर्षांच्या जुन्या खातेदाराचा 'शोध' लावतो. खातेदार बिचारा काउंटरवर उभाच असतो.

मॅलेटसाहेबांच्या मागून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि डोंगराचे दिवस पालटले. बंगले उठले, रस्ते झाले आणि जिथून म्हणून खाली पाहता येते, त्या प्रत्येक कड्याला नाव मिळाले. लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, पॅनोरमा पॉइंट. तळ्याचेसुद्धा शार्लोट लेक झाले. गावाला पाणी त्याच तळ्याचे. म्हणजे पिसरनाथाच्या शेजारचे पाणी शार्लोटबाईंच्या नावे! नाव नसलेला असा एक इको पॉइंट तेवढा राहिला. कारण तिथे ज्याने त्याने आपलेच नाव ओरडायचे असते. मी तिथे "महागाई भत्ता!" असे ओरडलो. डोंगराने "भत्ता... भत्ता..." असे लगेच उत्तर दिले. वरच्या ऑफिसने आजवर एवढेही दिलेले नाही.

नेरळहून वर नेणारी छोटी गाडी मात्र साहेबाने बांधलेली नाही. ती बांधली अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून. काम १९०४ साली सुरू झाले, १९०७ साली गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. आज कोणी "दोन फूट रुंदीचे रूळ, वीसेक किलोमीटरचा घाट, उत्पन्न फक्त हंगामात" असा कर्जाचा अर्ज घेऊन आला, तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवू. बापाने मुलाला सोळा लाख दिले, यावरूनच तो बँकेत नव्हता हे सिद्ध होते. डोंगर मात्र वसुलीला फार कडक. २००५ च्या महापुरात रूळ वाहून गेले, ते २००७ साली पूर्ववत झाले. आम्ही जाऊन आलो त्याच पावसाळ्यात पुन्हा वाहून गेले, आणि गाडी नेरळहून परत वर जायला २०२२ उजाडले. आमच्या पायगुणाबद्दल ही अजून बोलते.

दुसऱ्या दिवशी आईने पिसरनाथाच्या दर्शनाचा हट्ट धरला. गावात मोटारींना बंदी. घोड्यावर बसायला आई तयार नव्हती ("या वयात काय झाशीची राणी व्हायचंय?"). राहिली हातरिक्षा. एक जण पुढून ओढणार, दुसरा मागून लोटणार. मी रीतसर घासाघीस करून जाऊन-येऊन भाडे ठरवले आणि आपण व्यवहार चांगला केला म्हणून खूश झालो.

जाताना उतार होता. येताना चढ लागला. तांबड्या मातीत पुढच्या माणसाची पावले रुतू लागली, श्वास ऐकू येऊ लागला. आई एकदम म्हणाली, "थांबव रे बाबा, मी उतरते."

"बसा आजी," तो म्हणाला. "तुम्ही चाललात तर आमचं कसं चालायचं?"

पण आई उतरलीच. गुडघे धरत, त्याच्याशी गप्पा मारत चालू लागली. मागून रिकामी रिक्षा आणि तिच्यामागे भाड्याचा हिशेब करणारा मी.

"काय रे, इथला कोणी मोठा माणूस झाला की नाही? सगळी नावं मेली साहेबांचीच!"

"झाला की! भाई कोतवाल. इथलाच."

मी खाली मान घातली. इतिहास वाचताना ते पान मी भाड्याच्या दरांसाठी उलटले होते. परत आल्यावर वाचले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले. सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी चालवली. म्हणजे आमच्याच धंद्यातले, फक्त तारण न मागणारे. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्याबरोबर हिराजी पाटीलही गेले. वय वर्षे तीस. त्या वयात मी खात्याअंतर्गत परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होतो.

मुक्कामी पोचल्यावर आईने ठरलेले भाडे पूर्ण दिले. माझ्यातला बी. कॉम. उसळून आला. "अगं, निम्मी वाट तर तू चाललीस!"

"मी चालले," आई म्हणाली, "पण रिक्षा काय एकटी चालत आली?"

२०२५ साली सुप्रीम कोर्टाने ही माणसाने माणसाला ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळेल अशी योजना करायला सांगितले. बातमी मी आईला वाचून दाखवली. "बरं झालं," ती म्हणाली, "फार उशिरा कळलं हो त्यांना." माझ्या गुडघ्यांनी तिला ते २०१९ सालीच सांगितले, असेही वर म्हणाली. "माझ्या" म्हणजे तिच्या.

त्या सहलीची वही अजून माझ्याकडे आहे. सगळी सदरे जुळतात, फक्त त्या अर्ध्या वाटेच्या भाड्यापाशी गाडी अडते. प्रवासखर्च म्हणावे तर प्रवास झाला नाही. दानधर्म म्हणावे तर आई रागावेल. तूर्त ती रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवली आहे.