स्वस्त लाईन कुठली?

रात्री ११ नंतर एसटीडी पाव दरात, म्हणून बूथवर लागणारी रांग आठवते ना? फोन कधी आणि कुठून लावायचा, हा तेव्हा हिशेबाचाच भाग होता.

२००४च्या सुमारास मी पनवेल भागात ईपीएबीएक्स बसवायचो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ऑफिसात ऑपरेटर बाईंना सगळे दर तोंडपाठ. मी तेच मशीनमध्ये भरलं: पहिले आकडे बघून एक्सचेंजच लाईन निवडणार. मोबाइलचा नंबर असला तर सिमकार्डाच्या डब्यातून, बाकी लँडलाईनवरून. दर बाईंनीच वहीतून वाचून दाखवले मला! बिल उतरलं. दोन महिन्यांत बाईंची खुर्चीही गेली.

१ मार्च २००६ला बीएसएनएलची ‘वन इंडिया’ योजना आली, देशभर मिनिटाला १ रुपया. शेठनी तक्ता पुसायला बोलावलं. दहा मिनिटांचं काम.