गौना तालाची तार

मागच्या भागाखाली इंदूर, बडोदा, हैदराबाद, अगदी तंजावरहूनही प्रतिक्रिया आल्या. त्यात एक मागणी पुन्हा पुन्हा होती : "साहेब, आम्ही यंदा बद्रीनाथला निघालोय, चमोली जिल्ह्याबद्दल काही सांगा." सांगतो. पण मंदिराचं दर्शन, हेमकुंड, फुलांची दरी, औलीचा रोपवे याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी आज तुम्हाला अशा जागी नेणार आहे जिथे शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्या थांबत नाहीत.

ऋषिकेशहून वर जाताना देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम लागतात. मग चमोली गाव. त्याचं जुनं नाव लाल सांगा, म्हणजे लाल पूल. चमोली सोडून पिपलकोटीकडे निघालं की काही किलोमीटरवर उजव्या हाताने एक नदी येऊन अलकनंदेला मिळते. ती बिरही गंगा. गाडी पूल ओलांडते आणि दोन मिनिटांत आपण पुढे गेलेलो असतो.

मीही ऐंशीच्या दशकात, कॅप्टन असताना, या पुलावरून कितीतरी वेळा गेलो. मी सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा अधिकारी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये घडलेला. आमचं काम रस्ते आणि पूल. एकदा बिरहीपाशी दरड कोसळून ताफा अडकला. आमचे सुभेदार साहेब गढवाली. चहा पिता पिता त्यांनी त्या दरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "साब, इस घाटी में पहाड़ गिरा था. दादाजी बताते थे, पानी आने से पहले तार आया था." पाण्याच्या आधी तार आली! हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. पुढे त्याचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की आजोबांची गोष्ट शब्दशः खरी होती.

सप्टेंबर 1893. पावसाळ्याचा शेवट. बिरहीच्या दरीत गौना गावाजवळ एका डोंगराचा प्रचंड भाग सुटून खाली नदीत आला. दगडमातीचा जो बांध तयार झाला त्याची उंची सुमारे 900 फूट होती. नदी अडली आणि मागे पाणी साठू लागलं. पहिल्यांदा बातमी गेली ती नुसती दरड कोसळल्याची. डोंगरात दरडी रोजच्याच, त्यामुळे वर कुणी फार मनावर घेतलं नाही. जिल्ह्याचे सर्वेक्षक पंडित हरिकृष्ण पंत यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रकरण काय आहे ते उमगलं. हे तळं भरणार आणि एक दिवस बांधावरून वाहणार, हे उघड होतं.

त्यानंतर रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट कर्नल पुलफोर्ड तिथे गेले. त्यांच्यापुढे प्रश्न होता : बांध मजबूत करायचा का? सुरुंग लावून पाणी हळूहळू काढायचं का? त्यांनी हिशोब केला आणि निष्कर्ष काढला की एवढ्या ढिगाऱ्यापुढे माणसाचं काही चालणार नाही. पाणी थांबवता येणार नाही, पण माणसं हलवता येतील. आणि पाणी केव्हा येईल याचा अंदाज बांधता येईल. नदीत किती पाणी येतं, बर्फ कधी वितळतं, तळं किती वेगाने चढतं, यावरून त्यांनी सांगितलं : पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास.

मंडळी, लष्करात आम्हाला शिकवतात की शत्रूला हरवता येत नसेल तर निदान तो केव्हा आणि कुठून येणार हे जाणून घ्या. पुलफोर्ड यांनी नेमकं तेच केलं.

मग तयारीला अकरा महिने मिळाले आणि त्यातला एकही वाया गेला नाही. बांधापाशी लेफ्टनंट क्रुकशँक हा तरुण अधिकारी पाण्याची पातळी मोजायला बसवला. गौनापासून थेट हरिद्वारपर्यंत, सुमारे 150 मैल, तारयंत्राची लाईन टाकली. कल्पना करा, 1894 साल, रस्ता नाही, सगळं सामान माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर. नदीकाठच्या डोंगरउतारांवर दगडी खांब उभारले, त्याचा अर्थ साधा : पूर आला की या खांबाच्या वर जा. झुलते पूल वाहून जाऊ नयेत म्हणून सोडवून काढून ठेवले. आणि यात्रेकरू?

त्या काळी बद्रीनाथची यात्रा पायी असे. दर काही मैलांवर चट्टी, म्हणजे मुक्कामाची गवती छपरांची जागा. तिथे राहण्याचे पैसे नसत, चट्टीवाल्याकडून डाळ-तांदूळ-पीठ विकत घ्यायचं आणि तिथेच चूल मांडायची. या चट्ट्या पाण्याच्या सोयीसाठी बहुतेक नदीलगत. म्हणजे पुराच्या तोंडातच. तेव्हा यात्रेकरूंसाठी काठापासून दूर वेगळी वाट काढून दिली. आपल्या कुणाच्या पणजोबा-खापरपणजोबांनी त्या वर्षी यात्रा केली असेल, तर ते या वाटेनेच सुखरूप परतले असतील.

25 ऑगस्ट 1894. पहाटे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागलं. अंदाज जेमतेम दहा दिवसांनी चुकला. तारा खडखडल्या. दिवसभर पाणी बांध खात राहिलं आणि रात्री साडेअकराच्या सुमारास, पावसात आणि धुक्यात, बांधाचा वरचा भाग फुटला. सकाळपर्यंत तळं 390 फुटांनी खाली गेलं होतं. खाली अलकनंदेच्या काठी गढवालची जुनी राजधानी श्रीनगर. ते जवळपास पूर्ण वाहून गेलं. आज आपण पाहतो ते श्रीनगर नंतर वरच्या अंगाला वसवलेलं आहे.

आणि माणसं किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांना हलवलं होतं, पण ते पुन्हा खाली गेले. अख्खं शहर गेलं, आणि बळी पाच.

हे सांगताना मी इंग्रजांचे गोडवे गातोय असं समजू नका. याच राजवटीने इथली जंगलं लोकांच्या हातून काढून घेतली. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. आधी खालच्या माणसाने जागेवर जाऊन पाहिलं, वरच्याने त्याचं ऐकलं, आणि निसर्गाशी झुंजण्याऐवजी लोकांना वेळ दिला.

आता गोष्टीचा दुसरा भाग. गौनाचं तळं फुटल्यावरही काही भाग शिल्लक राहिला. लोक त्याला गौना ताल किंवा दुर्मी ताल म्हणत. जुलै 1970 मध्ये अलकनंदेला महापूर आला. उरलेलं तळंही गेलं. बेलाकुचीजवळ यात्रेच्या बसगाड्या वाहून गेल्या. गाळ इतका की हरिद्वारला गंगेचा कालवा भरून गेला. या वेळी तार नव्हती.

गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाचे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी मदतीला गावोगाव फिरले. जिथे वरचं जंगल तुटलं होतं तिथे नुकसान जास्त, हे त्यांना दिसलं. त्यातूनच 1973 मध्ये चिपको उभं राहिलं. 26 मार्च 1974 ला नीती खोऱ्यातल्या रैणी गावात गौरादेवी आणि बायकांनी झाडं वाचवली, हे आपण शाळेत वाचलं. पण त्या दिवशी गावातले पुरुष कुठे होते? ते चमोलीला गेले होते. 1962 नंतर लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई घ्यायला.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं. कारण मी त्याच लष्कराचा माणूस. 1962 नंतर माणा आणि नीती या दोन्ही खिंडींचा तिबेटशी चाललेला व्यापार थांबला. इथल्या भोटिया लोकांची उपजीविका एका हिवाळ्यात बुडाली. सीमेसाठी रस्ता हवाच होता, आणि तो आम्ही केला. सुरुंग मीही लावले आहेत. एकदा एका गावातली म्हातारी आमच्या कामावर आली आणि मला विचारलं, "बेटा, पहाड़ को कितना हिलाओगे?" मी हसून वेळ मारून नेली. तिला उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं.

1976 मध्ये गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने लिहून ठेवलं की जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, तिथे जड बांधकाम करू नका, उतारावरचे दगड काढू नका. पुढे काय झालं? मोठमोठ्या इमारती, हॉटेलं आणि हो, आमच्या छावण्याही. जानेवारी 2023 मध्ये शेकडो घरांना तडे गेले.

त्याच्या दोन वर्षं आधी, 7 फेब्रुवारी 2021, रविवारची सकाळ. रौंथी शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला. ऋषिगंगेतून लोंढा आला तो रैणी गावाखालून तपोवनपर्यंत. दोनशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यातले कित्येक कामगार बोगद्यात होते. डोंगरावरचे लोक ओरडत होते, हात हलवत होते. पण खालपर्यंत आवाज पोचला नाही. पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा रैणीजवळ बसली, ती दुर्घटनेनंतर.

कुणी म्हणेल, साहेब, तुलना बरोबर नाही. गौनाला अकरा महिने मिळाले, रैणीला मिनिटं. मान्य. हा डोंगर असा एका क्षणात सुटेल हे कुणी सांगू शकलं नसतं. पण वर पाणी वाढलं की खाली भोंगा वाजावा, एवढी व्यवस्था आधी करता आली असती. 1894 साली खेचरांच्या पाठीवरून तार गेली, आपल्याकडे तर उपग्रह आहेत. आणि काही मिनिटंसुद्धा पुरतात. त्या मिनिटांत माणूस खांबाच्या वर जाऊ शकतो.

दोन वर्षांपूर्वी पत्नीला घेऊन बद्रीनाथला गेलो, तेव्हा परतताना बिरहीला गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर तरुण पोरगा, म्हणाला, "सर, यहाँ तो कुछ नहीं है." त्याचं खरं होतं. पाटी नाही, स्मारक नाही. ज्यांना वरच्या बाजूच्या निजमुला खोऱ्यातून, पाणा आणि इराणी या गावांवरून कुआरी खिंडीचा ट्रेक करायचा आहे, त्यांना ही दरी आतून पाहता येईल. मी पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. पत्नीने विचारलं, "काय बघताय?" मी तिला सुभेदार साहेबांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ड्रायव्हरही ऐकत होता. पुढे श्रीनगर येईपर्यंत तो नदीकडे बघून विचारत होता, पाणी कुठपर्यंत आलं असेल?

मंडळी, यात्रेला जरूर जा. फक्त मुक्काम नदीच्या पात्रालगतच्या हॉटेलात करू नका, कितीही छान खिडकी असो. पावसाळ्यात प्रशासन थांबा म्हणालं तर थांबा, दर्शन दोन दिवसांनी होईल. आणि बिरहीच्या पुलावर पाच मिनिटं उतरा. तुमच्याबरोबरच्या मुलांना ही गोष्ट सांगा.

त्या म्हाताऱ्या बाईला मी उत्तर दिलं नव्हतं. आज हे बोलतोय ते बहुधा तिच्यासाठीच.

पुढच्या भागात माणा खिंडीबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.