बापाची दारू सुटेपर्यंत पोरांनी थांबायचं का? व्यसनी घरातल्या मुलांसाठी मदत कुठं मिळते

डिंभे (ता. आंबेगाव) : घरात पिणारा एक असतो, भोगतं मात्र सगळं घर. बापाला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं, आईला धीर द्यायचा, एवढं गावात बोललं जातं. पोरांचं कोणी विचारत नाही. वर्गात पेंगणारं, मित्राला कधी घरी न आणणारं पोर कधी कधी अशाच घरातलं असतं. बाप दारू सोडो न सोडो, त्या पोराला मदत मिळू शकते.

मुलांचा गट म्हणजे काय?
दारू सोडणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना अमेरिकेत १९३५ साली निघाली, त्यांच्या घरच्यांसाठीची 'अल-अनॉन' १९५१ साली. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका १७ वर्षांच्या मुलानं पोरांसाठी वेगळा गट काढला, तो 'अलाटीन'. पोरं एकत्र बसतात, आपापलं सांगतात. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. सोबत एखादं जाणतं मोठं माणूस असतं.

तिथं पोरं तीन गोष्टी शिकतात : दारू माझ्यामुळं लागली नाही, ती मला थांबवता येणार नाही आणि बरं करणंही माझ्या हातात नाही. बाटली लपवणाऱ्या, दारू ओतून देणाऱ्या आणि 'मी नीट वागलो असतो तर पप्पा प्यायले नसते' असं मनात धरून बसलेल्या पोराला हे कळणं फार गरजेचं असतं.

पुण्यात काय आहे?
येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथं पेशंटसोबत कुटुंबाशीही बोलतात. पेशंट न्यायला गेलात तर पोरांचंही तिथल्या समुपदेशकांना विचारा.

गावात काय करता येईल?
– शाळा, आश्रमशाळेत एखाद्या विश्वासू सरांनी किंवा मॅडमनी दोन-तीन पोरांना आठवड्यातून एकदा बसवावं. कोणाच्या बापाचं नाव घेऊन चर्चा नको.
– मारहाण होत असेल तर ते मात्र गटात दाबून ठेवायचं नाही. सरपंच अध्यक्ष असलेल्या ग्राम बाल संरक्षण समितीला कळवावं.
– रात्री भांडण पेटलं तर पोरानं मध्ये पडू नये. कोणाच्या घरी जायचं ते आधीच ठरवून ठेवावं.
– शाळेजवळ दारू विकली जात असेल तर पोरांनी बालसभेत विषय मांडावा, मोठ्यांनी तो ग्रामसभेत न्यावा. परवान्याचं दुकान बंद करण्यासाठी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की मतदान घेता येतं. हातभट्टीची तक्रार पोलीस किंवा उत्पादन शुल्क खात्याकडं करावी.

कायदा काय सांगतो?
बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार पोराला दारू देणं आणि कलम ७८ नुसार दारू विकायला किंवा वाहून न्यायला पोराला वापरणं हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'जा रे, बाटली घेऊन ये' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फोन कुठं करायचा?
मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६, मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६. पोराला स्वतःला १०९८ लावता येतो, आईबापाची परवानगी लागत नाही. हा नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.