रक्तातला पाचवा घटक

१/ साल १९४३. नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता. ऑस्लो येथील डॉक्टर पॉल ओव्रेन यांच्याकडे एक स्त्री उपचारांसाठी आली. बालपणापासून तिचा रक्तस्राव लवकर थांबत नसे. कारण मात्र कोणालाच उमगले नव्हते.

२/ रक्त गोठण्यास चार घटक पुरेसे, असे तेव्हा मानले जाई : फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम. चाचणीत तिचे रक्त उशिरा गोठले. उणीव प्रोथ्रॉम्बिनची, असाच तर्क कोणीही केला असता.

३/ ओव्रेन यांनी तो पारखून पाहिला. निरोगी माणसाच्या रक्तद्रवातून प्रोथ्रॉम्बिन काढून टाकले आणि उरलेला द्रव तिच्या रक्तद्रवात मिसळला. गोठण्यातला विलंब दूर झाला. ज्यात प्रोथ्रॉम्बिन नव्हतेच, त्याने उणीव भरून काढली; अर्थात तिच्या रक्तात नसलेला घटक निराळाच होता.

४/ चारांनंतरचा म्हणून त्यांनी त्याला रोमन आकड्याने ‘फॅक्टर पाच’ म्हटले. १९४७ साली हेच संशोधन त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध म्हणून प्रसिद्ध झाले.

५/ पुढे इतर घटकांनाही रोमन आकडे मिळाले. अनाकलनीय रक्तस्रावाच्या निदानात दोन रक्तद्रव मिसळून पाहण्याची चाचणी आजही केली जाते.