शोकाकुलांचा निवास : शारदा सदन, केडगाव आणि हिंगणे यांचा एक ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

मृत्यूनंतर मागे राहिलेल्या माणसांनी कसे जगावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाज आपापल्या परीने देत असतो. मराठी समाजात हे उत्तर प्रामुख्याने कर्मकांडाने आणि नातेगोत्याने दिले. दहा दिवसांचे सुतक, तेरावा, वर्षश्राद्ध, दुखवट्यास येणारी माणसे, घरची चूल बंद असताना शेजाऱ्यांकडून येणारे जेवण या सर्वांमधून शोकाला एक चौकट आणि एक मुदत प्राप्त होत असे. अलीकडच्या काळात मात्र शोकाकुल व्यक्तीने काही दिवस घरापासून दूर, समदुःखी माणसांच्या सोबतीत राहावे आणि पुन्हा आपल्या जीवनाकडे परतावे, अशा हेतूने चालविल्या जाणाऱ्या निवासी शिबिरांची कल्पना पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे येत आहे. ती पूर्णतः परकीय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो.

या समजाचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात मुंबई, पुणे, केडगाव आणि हिंगणे येथे उभ्या राहिलेल्या विधवाश्रमांचा अभ्यास आजवर स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा आणि धर्मांतराचा वाद या तीन अंगांनी विपुल प्रमाणात झाला आहे. परंतु या संस्थांमध्ये प्रवेश घेणारी प्रत्येक स्त्री ही विद्यार्थिनी होण्यापूर्वी कोणाला तरी गमावून बसलेली स्त्री होती, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून बरीचशी निसटली आहे. शोकाकुलांच्या निवासी आधाराचा एक प्रारंभिक प्रयोग या दृष्टीने या संस्थांकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुदत नसलेला शोक

परंपरेने शोकाला मुदत दिली असली, तरी ती सर्वांना सारखी दिली नव्हती. पत्नी वारलेल्या पुरुषाचे सुतक संपले की त्याच्या दुसऱ्या विवाहाची बोलणी सुरू होत. याउलट ब्राह्मण व तत्सम उच्चवर्णीय कुटुंबांतील विधवेचा शोक आजन्म होता. केशवपन, अलवण, एकभुक्त राहणे, मंगलकार्यातून वगळले जाणे ही सर्व शोकाची बाह्य चिन्हे होती. पण ती तिच्या मनातील दुःखाशी निगडित नव्हती. ज्या मुलीने पतीचा चेहराही नीट पाहिला नव्हता, तिच्यावरही ती तितकीच बंधनकारक होती. म्हणजेच शोक ही भावना न राहता ती एक सामाजिक अवस्था बनली होती.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे योग्य ठरेल. अनेक बहुजन जातींमध्ये पाट किंवा मोहतर लावण्याची रूढी असल्याने तेथील विधवांची स्थिती वेगळी होती. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने उच्चवर्णीय विधवांनाही तत्त्वतः हा मार्ग मोकळा केला, तथापि प्रत्यक्षात त्याचा लाभ अत्यल्प स्त्रियांना मिळाला.

अशा विधवेला घराबाहेर राहण्याची एक जागा परंपरेनेही दिली होती, ती म्हणजे तीर्थक्षेत्र. काशी, पंढरपूर, नाशिक येथे विधवा जाऊन राहत. मात्र काशीवासाची कल्पना ही मरणाची वाट पाहण्याची होती. तेथून कोणी परत यावे अशी अपेक्षा नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह हा या परंपरेपासून झालेला पहिला महत्त्वाचा विच्छेद होय. गर्भवती विधवेने तेथे यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे आणि इच्छेप्रमाणे परत जावे, अशी ती व्यवस्था होती. तिचा हेतू मर्यादित होता. पण विधवेसाठी परतीची वाट असलेला निवास ही कल्पना तेथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

शारदा सदन : दुःखितेने उभारलेले घर

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे पूर्वायुष्य हे एकामागून एक आलेल्या मृत्यूंचे आयुष्य होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच लहानग्या मनोरमेखेरीज त्यांचे जवळचे कोणी उरले नव्हते. पुण्यातील आर्य महिला समाजाची स्थापना, इंग्लंड व अमेरिकेचा प्रवास आणि १८८७ मधील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ या सर्व घटना त्यानंतरच्या आहेत. बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीच्या परिसरात शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

सदनाच्या रचनेतील काही बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, सदन ही केवळ शाळा नव्हती, तर निवास होता. विधवेला दिवसा शिकवून संध्याकाळी पुन्हा त्याच घरात पाठविले, तर त्या घरातील तिचे स्थान बदलत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. दुसरी म्हणजे, येथे येणाऱ्या मुलीला तिचे आचार, सोवळे-ओवळे व खानपानाचे नियम पाळण्याची मुभा होती. नव्या जागी आलेल्या दुःखी व्यक्तीकडून एकाच वेळी सर्व काही सोडण्याची अपेक्षा करू नये, हा त्यामागील विवेक आजही विचारात घेण्याजोगा आहे. तिसरी बाब म्हणजे, येथून बाहेर पडल्यावर शिक्षिका वा अन्य व्यवसायिक म्हणून उभे राहता यावे, असा अभ्यासक्रम होता. रमाबाईंनी अमेरिकेत बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता, त्याचाही उपयोग येथे झाला.

गोदूबाई जोशी या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वयाच्या आठव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य, अशी त्यांची कहाणी. विशी ओलांडल्यानंतर त्या सदनात आल्या, सुमारे चार वर्षे राहिल्या आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या होत्या. पत्नीवियोगानंतर दोन वर्षांनी कर्वे पुन्हा गृहस्थ झाले, यात समाजाला वावगे वाटण्यासारखे काही नव्हते. वधू विधवा होती, एवढ्यासाठीच मुरुड या त्यांच्या गावी बहिष्कार पडला. शोकाच्या मुदतीतील विषमतेचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

१८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, आणि त्यांच्या खाजगी प्रार्थनेस उघड्या दारातून काही मुली येऊन बसत, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता. रानडे, भांडारकर आदींच्या सल्लागार मंडळाने आपला संबंध तोडला आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. या वादाकडे बहुधा धर्मस्वातंत्र्य विरुद्ध विश्वासभंग अशा द्वंद्वातून पाहिले जाते. पण त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. दुःखात असलेली व्यक्ती आधार देणाऱ्याच्या प्रभावाखाली सहज येते. मग तिला आधार देणाऱ्याने स्वतःच्या श्रद्धेचे दार किती उघडे ठेवावे? शोकाकुलांसाठी निवास चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेला, तिची श्रद्धा कोणतीही असो, हा प्रश्न टाळता येत नाही.

केडगाव : सामूहिक शोकाचे स्थान

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. दुष्काळपीडितांना पाहून स्वतःच्या कुटुंबाची उपासमार आठवल्याचे त्यांनी तत्कालीन लेखनात नोंदविले आहे. केडगाव येथील जमिनीवर या स्त्रियांची वसाहत उभी राहिली व तीच पुढे मुक्ती सदन म्हणून ओळखली गेली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिचा विस्तार झाला.

शारदा सदनातील दुःख वैयक्तिक होते. केडगावचे दुःख सामूहिक होते. येथे आलेल्या अनेकींचे संपूर्ण कुटुंबच नष्ट झाले होते. शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक अशा कामांभोवती येथील दिवस बांधला गेला. परंतु संख्या वाढली, परत जाण्यासाठी घरच नव्हते, आणि धार्मिक स्वरूपही उघडपणे ख्रिस्ती झाले. परिणामी तात्पुरता निवास कायमच्या वस्तीत रूपांतरित झाला. १९२१ मध्ये मनोरमेच्या मृत्यूचे दुःखही रमाबाईंनी याच वस्तीत सोसले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या येथेच निवर्तल्या.

हिंगणे : माळावरील झोपडी

कर्वे यांनी जून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. शारदा सदनाच्या अनुभवातून त्यांनी दोन धडे घेतलेले दिसतात. एक, धर्माच्या बाबतीत समाजाच्या मनात शंका निर्माण होऊ द्यायची नाही. दोन, आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ यांची सरमिसळ करायची नाही. पुण्यातील प्लेगमुळे १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करून कर्वे सायंकाळी पायी हिंगण्यास जात आणि सकाळी परतत.

गावापासूनचे हे अंतर प्रारंभी गैरसोयीचे होते. तथापि त्याचा एक अनपेक्षित लाभही होता. शहरातील वाड्यात विधवेच्या समोर येण्यास अपशकुन मानले जाई. माळावरील वस्तीत तशा नजरा नव्हत्या आणि सर्वजणी एकाच स्थितीतील असल्याने अपशकुनी ठरविण्यास कोणी उरले नव्हते. आधार देणारीही अनेकदा समदुःखीच असे. आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या, तेव्हा त्यांच्या पदरी मूल होते. त्या शिकल्या, आश्रमाच्या कामात आल्या आणि पुढे निधी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडल्या. १९१२ मध्ये त्यांनी केशवपनाची रूढी स्वतःपुरती मोडली आणि १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. वैधव्य आल्यानंतर दीर्घ काळाने, स्वतःच्या निर्णयाने शोकाचे एक चिन्ह उतरवून ठेवणे, यात शोकाची मुदत ठरविण्याचा अधिकार परत घेतल्याचे दिसते.

हिंगण्याच्या सावधपणाची किंमतही होती. कर्वे हिंगण्यास आणि पुनर्विवाहित आनंदीबाई मुलांसह पुण्यात, असे दिवस त्या संसाराला काढावे लागले. आश्रमाची प्रतिष्ठा जपताना, ज्या स्त्रीने वैधव्यातून पूर्णपणे बाहेर पडण्याचे धैर्य दाखविले, तिलाच अंतरावर राहावे लागले.

न बोललेले दुःख

या तिन्ही संस्थांनी शोकाकुल स्त्रीला तीन गोष्टी दिल्या : दुःखाच्या घरापासून दूर असलेली जागा, समदुःखींची सोबत आणि परतीची वाट. परंतु दुःखाविषयी बोलण्याची व्यवस्था त्यांत नव्हती. काम, अभ्यास आणि शिस्त यांनी दिवस भरलेला असे. रडण्याला वेळ नसणे हेच औषध मानले जाई. ते बोलणे पुष्कळ उशिरा, आत्मचरित्रांतून झाले. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये, तर आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी स्त्री-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार काही अंशी या लांबलेल्या शोकाचीच अभिव्यक्ती आहे, असे म्हणता येईल.

या निरीक्षणाला आधुनिक शोकविचाराची जोड देता येते. ब्रिटनमध्ये विधवांच्या साहाय्यासाठी १९५९ मध्ये ‘क्रूझ’ ही संस्था निघाली. १९६० च्या दशकात फिलिस सिल्व्हरमन यांनी बोस्टन परिसरात, आधी विधवा झालेल्या स्त्रीने नव्याने विधवा झालेल्या स्त्रीला साथ द्यावी, असा उपक्रम उभारला. हिंगण्याच्या माळावर हेच तत्त्व कोणताही सिद्धांत न मांडता आचरणात आले होते. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी असे प्रतिपादन केले की, शोकाकुल व्यक्ती हानीला सामोरे जाणे आणि नव्या जीवनाची घडी बसविणे, या दोहोंमध्ये आळीपाळीने वावरत असते. या कसोटीवर आपल्या आश्रमांनी दुसरी बाजू अत्यंत समर्थपणे सांभाळली. पहिली बाजू मात्र उपेक्षित राहिली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शोकाकुलांसाठी निवासी आधार ही कल्पना मराठी समाजाला अपरिचित नाही. ती येथे स्त्रियांच्या आणि मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या गरजेतून जन्माला आली आणि शिक्षणाच्या नावाने वाढली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर शिक्षणाचा प्रवाह अधिक बळकट झाला आणि शोकाचा मूळ संदर्भ हळूहळू मागे पडला. संस्थांच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. परंतु त्यामुळे प्रियजन गमावलेल्या माणसाला थोडा काळ थांबण्यासाठी जागा हवी असते, ही जाणीव सार्वजनिक जीवनातून जवळजवळ लोप पावली.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनानेही त्याचा पुरस्कार केला. बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे थांबविण्यासाठी एकविसाव्या शतकात ठराव करावा लागतो, यावरून लादलेला शोक अद्याप सरलेला नाही हे स्पष्ट होते. मात्र चिन्हे लादणे थांबविल्याने दुःख संपत नाही. विभक्त कुटुंबांच्या आणि तीन दिवसांत उरकल्या जाणाऱ्या उत्तरकार्यांच्या काळात स्त्रीपुरुष दोघांनाही शोकासाठी जागा अपुरी पडत आहे. अशी जागा नव्याने निर्माण करताना शारदा सदनाचा आचारविषयक उदारपणा, हिंगण्याची समदुःखी सोबत आणि केडगावची श्रमनिष्ठा यांचा वारसा उपयोगी पडेल. त्यात त्या काळी राहून गेलेली एक गोष्ट आता मिळविली पाहिजे : गेलेल्या माणसाचे नाव घेऊन मोकळेपणाने बोलण्याची मुभा.