दारूचे माप आणि तपासणीची शिस्त : कळवण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील कळवणच्या परिसरात सातमाळा डोंगररांगेतील धोडप, कण्हेरगड, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या हे किल्ले आहेत. या किल्ल्यांच्या लढायांचे वर्णन इतिहासग्रंथांत आढळते. मात्र लढाई ज्या दारूगोळ्यावर अवलंबून असे, त्याची साठवण, मोजणी व तपासणी हा विषय सहसा उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात गडावरील दारूखान्यापासून काडतूस भरण्याच्या लाकडी ठोकळ्यापर्यंत या शिस्तीचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

दारूखान्याची व्यवस्था :
सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणातून बंदुकीची काळी दारू तयार होई. तिचे दोन शत्रू होते : ओल आणि ठिणगी. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून वाळवावी आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असे सांगितले आहे. ही काळजी अनाठायी नव्हती. १८१८ च्या जून महिन्यात इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्यावर केलेल्या माऱ्यात आतील दारूसाठ्याचा स्फोट झाला, तटाचा भाग कोसळला आणि काही दिवसांतच किल्ला शरण गेला.

ठासणीची बंदूक :
ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारासाठी दारू मोजून नळीत ओतावी लागे आणि त्यावर गोळी गजाने ठासावी लागे. बार उडाला नाही आणि गडबडीत ते ध्यानात आले नाही, तर पहिल्या भारावर दुसरा भार ठासला जाई. अमेरिकेत १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या व त्यांतील निम्म्यांत दोन भार होते, अशी नोंद आहे. माणसाच्या स्मरणावर सोपवलेली मोजणी संकटाच्या वेळी किती दगा देते, हे यावरून दिसते.

धातूचे काडतूस आणि ठोकळा :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रूढ झाले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. पितळी टोपण पुन्हा वापरता येत असल्याने पाश्चात्त्य देशांत घरी काडतूस भरण्याची प्रथा वाढली. त्यासाठी ओळीने भोके पाडलेला लाकडी ठोकळा वापरला जातो. टोपणे त्यात उभी ठेवून दारू भरतात आणि गोळी बसवण्यापूर्वी उजेडात सर्वांतील दारूची पातळी एका नजरेत ताडून पाहतात.
या साध्या साधनाचे खरे महत्त्व १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित दारूचा शोध लावल्यानंतर वाढले. काळी दारू टोपण जवळजवळ भरून टाके. दुप्पट भार घातल्यास ती बाहेर सांडे. धूररहित दारू अधिक जोरदार असल्याने थोडी पुरते, आणि अनेक टोपणांत दुप्पट भारही सहज मावतो. परिणामी चूक नजरेस न येता बंदूक फुटण्याचा धोका निर्माण झाला. ठोकळ्यात शेजारी-शेजारी उभ्या टोपणांतील कमी-अधिक पातळी मात्र चटकन उठून दिसते.

कायद्याची चौकट :
भारतात १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे व दारूगोळा परवान्याच्या कक्षेत आणला. स्वातंत्र्योत्तर काळात त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. त्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील ही घरगुती प्रथा येथे सर्वसामान्यांत रुजली नाही.

निष्कर्ष :
दारूखान्याची नियतकालिक पाहणी व ठोकळ्यातील पातळीची पाहणी यांचे प्रमाण भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे : स्फोटक पदार्थाबाबत स्मरणावर विसंबू नये, ते डोळ्यांसमोर मांडून तपासावे. किल्ल्यांचा अभ्यास करताना तट-बुरुजांइतकेच दारूकोठारांच्या अवशेषांकडेही लक्ष दिल्यास त्या काळच्या तांत्रिक शिस्तीचे आकलन अधिक पूर्ण होईल.