पहिली तारीख आणि सुगी

आपल्याकडे वर्षाचा आरंभ एक नाही. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजतो. सालगडी गुढीपाडव्याला धन्याशी नवा करार करतो. शेतकऱ्याचे वर्ष मृगाच्या पावसाबरोबर उगवते, सरकारचे 1 एप्रिलला आणि भिंतीवरच्या कॅलेंडराचे 1 जानेवारीला. या सर्वांत बिचारा भाडेकरू निराळा! त्याचे वर्ष बारा वेळा सुरू होते आणि प्रत्येक आरंभाला घरमालक दारात उभा असतो. मिळकत केव्हा यावी हे दुसऱ्याच्या हाती, भाडे केव्हा द्यावे हे तिसऱ्याच्या हाती. मधले आठ-दहा दिवस मात्र सर्वस्वी त्याचे स्वतःचे! या आठ-दहा दिवसांना इतिहास आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे.

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचे. पीक मात्र सूर्याच्या हिशेबाने पिकते. त्यामुळे सौर वर्षे 33 होतात तोवर चांद्र वर्षे 34 भरतात. सारा चांद्र वर्षाने मोजला तर शेतकऱ्याने तेहतीस पिकांवर चौतीस वेळा भरणा करायचा! शिवाय वसुलीची तारीख दरसाल मागे सरकत सरकत कधी ऐन पेरणीत येऊन बसायची. ही विसंगती राज्यकर्त्यांनाही जाणवली. अकबराने फसली सन चालू केला तो याचसाठी. ‘फसल’ म्हणजे पीक, आणि पिकाबरोबर चालणारा तो फसली. आपल्या जुन्या मराठी कागदांत जो शुहूर सन आढळतो, तोही सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतो. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. प्रजेजवळ पैसा असेल तेव्हाच तो मागावा, ही अक्कल सिंहासनालाही शिकावी लागली होती, एवढाच याचा अर्थ.

गावगाड्यात तर हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करीत आणि खळ्यावर बलुते घेत. देणेकऱ्याची सुगी तीच घेणेकऱ्याची सुगी. या व्यवस्थेत जातीचा जाच होता, मानहानी होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तारखेचा जाच तिच्यात कमी होता, हे मान्य केले पाहिजे.

इंग्रजी अमलात रयतवारी पद्धत आली. सारा रोख ठरला, हप्ते ठरले, तारखा ठरल्या. आता सोलापूर जिल्हा मुख्यतः रब्बीचा. हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरायची, थंडीच्या दवावर ती पोसायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. हप्त्याची तारीख खळ्याच्या आधी आली, की कुणब्याला दोनच वाटा उरत. उभे पीक मिळेल त्या भावाने विकायचे, नाहीतर सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर ऐकायला किरकोळ वाटतो. पण रुपयाचे आणे सोळा. म्हणजे शेकडा सव्वासहा दरमहा आणि पंच्याहत्तर दरसाल! दोन महिन्यांची नड भागवायला काढलेले कर्ज दोन पिढ्यांना पुरत असे ते यामुळे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 पर्यंत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र राहिली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. या दंग्यांची चौकशी झाली आणि पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम लागू झालेल्या चार जिल्ह्यांत पुणे, सातारा व नगर यांच्याबरोबर सोलापूरही होते. या कायद्याने कोर्टाला कर्जाचा मागचा इतिहास तपासता येऊ लागला आणि देणेकऱ्याला हप्ते बांधून देता येऊ लागले. माणूस बुडवा नाही, त्याला फक्त अवधी हवा आहे, ही गोष्ट प्रथमच कायद्याच्या भाषेत आली.

याच सुमारास सोलापुरात दुसरेच जग आकार घेत होते. 1877 साली शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच पुढे लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या आल्या. आसपासच्या खेड्यांतून आणि तेलंगणातून विणकर, मजूर आले. कुणबी होता तो कामगार झाला, आणि झाला तो भाडेकरूही झाला. आता सुगी दर महिन्याला येणार! पण ती येणार कशी? महिनाभर काम करायचे आणि पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला घ्यायचा. पगार दहा तारखेला धरला तरी पहिल्या दिवशी गाळलेल्या घामाचे पैसे चाळीसाव्या दिवशी हाती येत. म्हणजे पाहा, गरीब मजूर श्रीमंत मालकाला चाळीस दिवसांची बिनव्याजी उधारी देत होता, आणि स्वतः वाण्याकडून, पठाणाकडून व्याजी उधारी घेत होता!

हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात या गोष्टीवर बोट ठेवले आणि गिरणीकामगारांना सोळा दिवसांच्या आत पगार मिळावा असे सुचविले. अहमदाबादच्या गिरण्यांत असा पंधरवड्याचा ‘हप्ता’ रूढ होताच. सूचना पूर्णपणे अमलात आली नाही. परंतु 1936 च्या वेतन-कायद्याने एवढे केले की, हजाराहून कमी कामगार असतील तेथे सात तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे. सात आणि दहा हे आकडे आज कोणाला विशेष वाटणार नाहीत. चाळीतल्या बाईला मात्र ते विशेष होते. तांब्याची घागर कधी गहाण टाकायची आणि कधी सोडवायची, हे आता तिला आधी सांगता येऊ लागले.

राहिला घरमालक. तोही दर वेळी धनदांडगाच असतो असे नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारी विधवाही घरमालकच, आणि तिचाही वाणी असतोच. म्हणून कायद्याला दोघांकडे पाहावे लागले. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ठरविले की, भाडेकरू भाडे देत आहे, अथवा द्यायला तयार आहे, तोवर त्याला बाहेर काढता येणार नाही. बाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी आणि महिनाभर थांबावे. पुढे 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने हा अवधी नव्वद दिवसांचा केला. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत बाकी शेकडा पंधरा व्याजासह भरली, तर घर वाचते. ‘द्यायला तयार आहे’ हे चार शब्दही नाहीत. पण बुडवा आणि अडलेला यांतील सारा फरक त्यांत आहे.

शेतातल्या भाडेकरूला आपण ‘कूळ’ म्हणतो. 1 एप्रिल 1957 रोजी हजारो कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. जमिनीची किंमत त्यांनी वार्षिक हप्त्यांनी द्यायची होती. म्हणजे हप्ता पुन्हा पिकाच्या पावलाने चालला. शहरातल्या कुळाचे काय? त्याचे एक उत्तर सोलापूरजवळ, अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारी येथे पाहायला मिळते.

सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पान-तंबाखू मिळाली तर काम, विडी पसंतीला उतरली तर दाम. घरभाड्याची तारीख मात्र पान आले नाही म्हणून थांबत नाही. या स्त्रियांसाठी माजी आमदार कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घराची किंमत साठ हजार रुपये. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार त्या कामगार बाईचे. 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरे दिली गेली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचे. ठाणे जिल्ह्यातील वारली कुळांना वेठीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदूताईंचे नाव विडीकामगार भाडेकरणींच्या घरांना मिळावे, यात मोठे औचित्य आहे. पुढे त्याच कुंभारीत तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यांतील पंधरा हजार घरे यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कागद-काच-पत्रा वेचणारे अशा लोकांना मिळाली. यांतील कोणाचीही मिळकत पहिल्या तारखेला येत नाही.

घर स्वतःचे झाले म्हणजे तारीख संपली असे नव्हे. कर्ज काढले असेल तर हप्ता असतो, आणि हप्त्यालाही तारीख असते. पण या साऱ्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही की, वर्षाच्या बेरजेत पुरणारा पैसा एखाद्या तारखेला अपुरा पडू शकतो. तेवढ्यावरून माणसाला उधळ्या म्हणणे अन्यायाचे आहे. दुसरी ही की, तारीख देवाने घातलेली नाही. अकबराने ती सरकवली, कोर्टाने सरकवली, कायद्याने पगाराची तारीख अलीकडे ओढली आणि बेदखलीची पलीकडे ढकलली. तेव्हा घर घेतानाच, ‘माझा पगार दहाला होतो, भाडे बाराला देईन’ असे तोंडाने सांगून कागदावर लिहून घेण्यात कसला आला आहे कमीपणा?

आणि जेथे तारीख सरकतच नाही, तेथे आपल्या जुन्या कुणब्याची युक्ती आहेच. सोलापूरकडचा शेतकरी ज्वारी पेवात साठवी, पण बियाणे निराळे ठेवी. घरात कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावीत नसे. एका महिन्याचे भाडे असे बियाण्यासारखे बाजूला राहिले, की पगार पाचला होवो वा पंधराला, भाडे जुन्या महिन्यातून जाते आणि नवा पगार त्याची जागा भरतो. ते पहिले बियाणे जमवणेच कठीण. भिशीतून, सणाच्या बोनसातून, दोन-दोन रुपये बाजूला टाकून लोकांनी ते जमवले आहे. यंदा ज्यांच्या हाती दिवाळीचा बोनस येईल, त्यांनी लाडू-करंज्या अवश्य कराव्यात, मुलांना फुलबाज्या आणाव्यात. आणि उरल्यातून मूठभर बियाणे पेवात टाकावे. आणि ज्यांच्या घरी भाडेकरू आहे त्यांनी, त्याचा पगार कोणत्या तारखेला होतो, एवढे एकदा विचारून ठेवावे.